तिसऱ्या खांबाजवळची चटई

बाकोआचे नाव निघाले की आमच्या बेरू बेटावर दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे त्याने आयुष्यभर विहिरींचे पाणी चाखले. दुसरी म्हणजे ऐन मोक्याच्या दिवशी तो मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, चुकीच्या जागी बसला. पहिली गोष्ट लोक आदराने सांगतात, दुसरी हसत हसत. पण दोन्ही सांगताना सांगणाऱ्याची मान ताठ असते.

पाणी चाखले हे अक्षरशः घ्यायचे. त्याचे वडील सकाळ-संध्याकाळ नारळीवर चढून माडी काढत आणि शेंड्यावर बसून गात. आवाज असा की बेटालगतच्या खाऱ्या तळ्यात जाळे टाकलेला माणूसही खालून ठेका धरी. घरामागे बाबाईचा खड्डा होता. बाबाई म्हणजे अळूच्याच जातीचा, पण मांडीएवढा कंद. गोडे पाणी लागेपर्यंत वाळू खणायची, त्या ओल्या तळाशी तो लावायचा, पानापाचोळ्याचे खत घालून वर्षानुवर्षे सांभाळायचा आणि लग्नाकार्याला काढायचा. पाण्यात खार शिरला की बाबाईची पाने कडेने पिवळी पडतात. लहान बाकोआला वडील ओंजळभर पाणी चाखायला देत आणि विचारत, "काय म्हणतंय?" तो म्हणे, "गोड म्हणतंय." पुढे पुढे त्याला दुसरे उत्तर द्यावे लागू लागले.

शाळेसाठी तो तारावाला, आमच्या राजधानीच्या बेटावर, गेला. मग काही वर्षे मालवाहू जहाजावर काढली, मग सरकारच्या पाणीखात्यात लागला आणि शेवटी फिजीतल्या सुवा शहरात, सगळ्या बेटांच्या देशांनी मिळून चालवलेल्या कार्यालयात. तिथे क्षार मोजायचे यंत्र होते. बाकोआ ते वापरी, पण आधी जीभ लावी. सोबतचा सामोअन अधिकारी तविता त्याला म्हणे, "एक दिवस तुझा आतून खारवलेला मासा होणार. मग तुला वाळवून ठेवू."

त्या कार्यालयात ज्या कामाला बाकोआने उमेदीची वर्षे दिली, त्याला सगळे नुसते 'चौकट' म्हणत. आमचे देश लहान. एकेकट्याने आरडाओरडा केला तरी मोठ्या जगाला तो वाऱ्याचा आवाज वाटतो. म्हणून सगळ्या बेटांनी मिळून एकच धोरण करायचे ठरले. पिण्याचे पाणी, साथीचे आजार, खचणारा किनारा, मासळी, घरदार सोडावे लागणारी माणसे, या सगळ्यांसाठी शास्त्रज्ञ कोणी पाठवायचे आणि निधी कुठे आधी जायचा, याचे एक सामाईक माप. हे काम सोपे नव्हते. तोंगाचा माणूस राजाचे नाव घेतल्याशिवाय बोलायला सुरुवात करीत नसे, तुवालूचा माणूस आधी प्रार्थना म्हणे, आणि जेवणाची वेळ झाली की सगळ्यांचेच एकमत होई. पण वर्षे गेली तशी चौकट उभी राहिली.

तिच्यात एक कलम असे होते: लागोपाठच्या दुष्काळांत ज्या बेटाचे पाणी खारट झाले, त्याचे नाव 'स्थलांतराची तयारी' या सदरात घालावे. त्याआधी प्रत्येक बेटावर जाऊन लोकांना विचारावे. आणि ज्या बेटाकडून हरकत येणार नाही, त्याची संमती आहे असे धरावे. सुवाच्या थंडगार खोलीत हा नियम नेटका वाटला होता. बेटे पुष्कळ, विमाने थोडी, काम कुठेतरी संपवायला हवे. बाकोआनेही मान हलवली होती.

त्या सदराच्या मसुद्यात बेरूचे नाव होते.

याच सुमारास कार्यालयाने आणखी एक गोष्ट ठरवली. तोंगामध्ये सगळ्या देशांच्या मंत्र्यांपुढे चौकट वाचायचा मान बाकोआला द्यायचा. बेरूच्या कोणा माणसाला असा मान आजवर मिळाला नव्हता. बाकोआने पांढरा सदरा शिवून घेतला आणि आत्याला, नेई तेकोआला (नेई म्हणजे आमच्याकडे बाई), फोन केला. आत्या म्हणाली, "मोठ्याने वाच. तुझा आवाज काही तुझ्या बापासारखा नाही." फोन ठेवून ती साऱ्या गावभर सांगत फिरली, हे त्याला मागाहून कळले.

आता बेरूच्या लोकांना विचारायला जायचे तर पथकात बाकोआ हवाच. पण तो हिशोबी स्वभावाचा. आपल्याच बेटाचा प्रश्न आहे, उद्या कोणी बोट दाखवायला नको, म्हणून त्याने निघण्यापूर्वीच ठरवले की आत्याकडे उतरायचे नाही, तिच्याकडे जेवायचे नाही आणि बसायचे तेही पाहुण्यांबरोबर.

विमानतळावर आत्या डोक्यावर घालायच्या फुलांच्या माळा घेऊन उभी होती.

"मौरी, साहेब," तिने आमच्या रीतीचा नमस्कार केला.

"आत्या, साहेब काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? नातेवाईक घरी उतरतात. साहेब लोक विश्रामगृहात उतरतात."

"कामाने आलोय ना. उद्या कोणी म्हणेल, बाकोआने आत्याची बाबाई खाल्ली आणि बेरूच्या बाजूने लिहिलं."

"माझ्या बाबाईत एवढी ताकद असती तर मी आधी पाळकालाच खाऊ घातली असती. प्रवचन तरी आखूड झालं असतं."

तिने पथकाच्या प्रमुख लोसालिनीबाईंना माळ घातली, तविताला घातली आणि सर्वांत शेवटी बाकोआला. त्याची माळ मात्र तिने मुद्दाम कपाळावरून खाली, नाकावर ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मानेआबात जमले. आमच्या मानेआबाचे छप्पर इतके खाली उतरलेले आहे की आत यायचे तर मंत्र्यालाही वाकावे लागते. आत प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. कोणत्या खांबाशी कोण, हे कुठे लिहिलेले नाही आणि तरीही पोरवयापासून कोणी चुकत नाही. प्रत्येक जागेला तिचा मान असतो. कोणाला अन्नाचा पहिला वाटा, कोणाला शेवटचा शब्द. समुद्राकडचा तिसरा खांब बाकोआच्या घराण्याचा, आणि त्या जागेचा मान पहिल्या शब्दाचा. त्या जागेवरून विषय उघडल्याशिवाय बाकी कोणी त्यावर तोंड उघडत नाही. वडिलांनंतर तिथे काका बसत, काकांनंतर चुलतभाऊ तोकाउआ.

बाकोआ वाकून आत आला आणि ठरवल्याप्रमाणे पाहुण्यांच्या चटईवर बसला. तिसऱ्या खांबापाशी चटई अंथरलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या कडेवर दगड ठेवला होता, आणि ती रिकामी होती. तोकाउआ अजून माडावर असेल, येईल खाली, असे त्याला वाटले.

लोसालिनीबाईंनी चौकट समजावून सांगितली. बाकोआ त्यांचे बोलणे किरिबासीत, म्हणजे आमच्या भाषेत, सांगत होता. बाई साध्या शब्दांत बोलल्या, काही लपवले नाही. स्थलांतराच्या सदरात बेरूचे नाव आहे, हेही सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही बोला."

कोणी बोलले नाही.

बाहेर लाटा फुटत होत्या. एक डुक्कर ओरडत गेले. म्हातारी मंडळी मांडी घालून चटईकडे बघत होती. पंख्याने वारा घेणाऱ्या बायकांचे हातही थांबले होते.

तविता हळूच वाकला. "झोपले का रे सगळे?"

"गप्प बस."

"तो समोरचा आजोबा तर नक्कीच. तोंड बघ त्याचं."

"तो टेन रुई. तो डोळे मिटूनच जास्त बघतो."

लोसालिनीबाई फिजीच्या, एका खेड्यात वाढलेल्या. थांबायचे कसे ते त्यांना ठाऊक होते. त्या थांबल्या. शहाळी फिरली, ती प्यायली गेली, पण शब्द आला नाही. शेवटी जेवणाची पाने मांडली गेली. आणि विमान तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होते.

जेवणाच्या गडबडीत बाकोआने आत्याला बाजूला गाठले.

"आत्या, तोकाउआ कुठे आहे?"

"न्यूझीलंडला. सफरचंदं तोडतोय."

"कधी गेला?"

"नाताळानंतर. घरी उतरला असतास तर कळलं असतं."

"मग आपल्या जागेवर कोण?"

"चटई घातलीय ना मी? कोणासाठी घातली असेल?"

बाकोआच्या हातातले पान तसेच राहिले. "म्हणजे सगळे माझ्यासाठी थांबलेत? सकाळपासून? अगं, मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? तू पाहुण्यांच्या चटईवर. पाहुण्याला जाऊन म्हणायचं, तू चुकीच्या जागी बसलास? इतकं वाईट वळण नाही आम्हाला."

"मग तूच बोलायचंस."

"पहिला शब्द पुरुषाच्याच तोंडून निघावा असं तुझ्या आजोबांनी ठरवून ठेवलं. मला विचारलं असतं तर सकाळी नाश्त्याआधीच संपलं असतं सगळं."

बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली लोसालिनीबाई उभ्या होत्या. बाकोआ त्यांच्याकडे गेला.

"बाकोआ, ही शांतता म्हणजे होकार की नकार?" त्यांनी विचारले.

"दोन्ही नाही. वाट बघतायत."

"कोणाची?"

"माझी."

त्याने सगळे सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

"आणि आपल्या नियमाप्रमाणे उद्या विमान उडालं की ही संमती ठरते," त्या म्हणाल्या.

"हो. तो नियम ठरला तेव्हा मी त्याच खोलीत होतो. माझ्या आयुष्यात मी एकदाही मानेआबातल्या शांततेला संमती समजलो नाही. आणि तिथे मान हलवली."

"मग जा ना. बसा तिकडे."

"तिकडे बसलो तर मी बेरूचा झालो. मग चौकटीवर माझा हात राहू शकत नाही. एका बेटाच्या बाजूने बोललेला माणूस तोंगात सगळ्यांच्या वतीने वाचायला उभा राहिला, तर बाकीच्या बेटांनी काय समजायचं?"

लोसालिनीबाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "खोटं सांगून तुमचं समाधान करणार नाही. बरोबर आहे तुमचं. वाचायचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल." मग त्या म्हणाल्या, "माझ्या गावातही बापाची जागा रिकामी आहे. मी सुवाला बसते आणि दर वर्षी म्हणते, पुढच्या वर्षी जाईन."

बाकोआला तो पांढरा सदरा आठवला, बायकोने घडी घालून ठेवलेला. तोंगाचे ते मोठे सभागृह आठवले, जिथे तो अजून गेलाही नव्हता. मग त्याने गळ्यातले कार्यालयाचे ओळखपत्र काढून बाईंच्या हातात दिले.

जेवणे उरकून लोक पुन्हा बसले तेव्हा तो छपराखालून वाकून आत आला, आणि पाहुण्यांच्या चटईकडे वळला नाही. मधून चालत जाणे बरे दिसत नाही, म्हणून बसलेल्या लोकांच्या पाठीमागून, कमरेत वाकून, एकेका घराण्याची माफी मागत तो कडेकडेने तिसऱ्या खांबापर्यंत गेला. टेन रुईने डोळे उघडले. आत्याने चटईवरचा दगड उचलला.

"एवढा वेळ?" ती पुटपुटली. "बेरू ते केवढंसं."

बाकोआ मांडी घालून बसला. पहिला शब्द म्हणजे मत नव्हे, हे तो विसरला नव्हता. कोण बोलतो ते सांगायचे आणि विषय लोकांपुढे ठेवायचा, बस्स.

"मी बाकोआ. माझा बाप इथे बसला, त्याचा बाप इथे बसला. या खांबाची माणसं होडीतून सामोआच्या बाजूने आली." पाहुण्यांच्या चटईवर तविता एकदम ताठ बसला. "आल्याआल्या त्यांनी आधी पाणी शोधलं, मग घर बांधलं. ते पाणी आता खारं होतंय. आपण इथून निघायची तयारी करावी असं सगळ्या बेटांच्या चौकटीत लिहायचं आहे. विषय तुमच्यापुढे ठेवलाय. बोला."

"हुश्श!" टेन रुई म्हणाला. "सकाळपासून पोटात भाषण ठेवलं होतं. माडीसारखं आंबून गेलं."

मानेआबा हसला, आणि मग जे बोलणे सुरू झाले ते थांबवायला पाळकालाही उठता आले नाही. बाकोआ आता बेरूचा म्हणून बसला होता, तेव्हा दुभाष्याचे काम शाळेतल्या मास्तरीणबाईंनी घेतले.

सगळे एका सुरात बोलले असे मुळीच नाही. नेई बातिया म्हणून एक तरुण आई आहे, ती सरळ म्हणाली, "माझ्या लेकराचं पोट दर महिन्याला बिघडतं. मला जायचंय. कोणी मला इथे बांधून ठेवू नका."

"जा की," टेन रुई म्हणाला. "कोण अडवतंय? पण जाताना दार लावून जाऊ नकोस. आम्ही आत आहोत."

"मी कशाला लावू दार? परत यायचं झालं तर?"

"मग भांडतेस कशाला?"

"तुम्ही भांडल्यासारखं बोलता म्हणून!"

मग बाकोआला विचारले, पाण्याचे खरे काय ते सांग. त्याने लपवले नाही. उत्तरेकडच्या विहिरी आता सुधारणार नाहीत, हे त्याने तिकडच्या घरांकडे बघून सांगितले. पण बेटाच्या मधल्या भागात अजून गोडे पाणी आहे, ते वरच्यावर, बेताने काढले तर टिकेल. शाळेच्या आणि देवळाच्या पत्र्यांवरचे पावसाचे पाणी टाक्यांत धरता येईल. बाबाईच्या खड्ड्यांना बांध घातले तर भरतीचे पाणी आत येणार नाही. हे सांगताना त्याचा आवाज चढत गेला. आत्याने मागून हळूच म्हटले, "आता जरा बापासारखा वाटला."

उन्हे उतरता उतरता शेवटच्या शब्दाचा मान असलेल्या घराण्याने सगळ्यांचे म्हणणे एकत्र बांधले. कोणी जायचे आणि कोणी राहायचे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. जाणाऱ्याला वाट मोकळी असावी आणि येणाऱ्यालाही. पण बेरू निघाले, असे दुसऱ्या कोणी लिहू नये. आणि राहणाऱ्यांसाठी आधी पाणी, मग बाकीचे.

लोसालिनीबाईंनी शब्दन् शब्द उतरून घेतला आणि मास्तरीणबाईंकडून परत वाचून घेतला. मग त्यांनी आत्याला विचारले, "रात्री जेवायला तुमच्याकडे आलो तर चालेल का?"

"या की," आत्या म्हणाली. "आता खाल्लेल्याने कोणाची बाजू बदलायची राहिली नाही."

सुवाला परतल्यावर बाकोआने मसुद्याच्या कामातून आपले नाव काढून घेतले. रुसून नाही, जे सांगितले होते ते केले, इतकेच. वाद मात्र पुष्कळ झाला. हरकत नाही म्हणजे संमती, हा नियम काढला तर काम कधी संपणार, असे काही जण म्हणाले. लोसालिनीबाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. तविताही राहिला. आमच्याकडेही गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, तो म्हणाला, आणि मग तोंगाचा माणूस म्हणाला, आमच्याकडेही नसतो, आणि तुवालूचाही तेच म्हणाला. घरी प्रत्येकाला जे ठाऊक होते ते सुवाच्या त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा बोलले गेले. चौकटीत नवे कलम आले.

पुढे एक पथक तुवालूच्या एका बेटावर गेले तेव्हा पथकातला तिथला माणूस कोणी न सांगता उठला आणि आपल्या लोकांत जाऊन बसला. सुवाच्या कार्यालयात अजून याला 'बाकोआचे बसणे' म्हणतात.

चौकट मंत्र्यांपुढे ठेवली गेली त्या दिवशी बाकोआ बेरूवर होता. नोकरी संपवून तो बायकोसह परतला होता आणि आत्याच्या घरामागचा खड्डा नव्याने बांधत होता. तोंगातली सभा रेडिओवरून ऐकवणार, असे कळले तेव्हा सारा गाव दुपारीच मानेआबात जमला. बाकोआ मळक्या लुंगीवर यायला निघाला, तर आत्या दारात उभी.

"सदरा घाल."

"कोण बघणार आहे, आत्या? रेडिओ आहे तो."

"मी बघणार आहे. शिवलास कशाला मग?"

पांढरा सदरा घालून तो तिसऱ्या खांबाशी बसला. रेडिओ मधोमध ठेवला होता. लोसालिनीबाईंचा आवाज आला. बाई सावकाश, स्पष्ट वाचत होत्या. पाण्याचा भाग आला, आजारांचा आला, किनाऱ्याचा आला. मग त्या म्हणाल्या, "लोकांना विचारण्यासंबंधीचे कलम," आणि थांबल्या.

रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. खोकल्याचा एक आवाज आला, कोणीतरी खुर्ची सरकवली, पण बाई वाचेनात.

"बिघडला वाटतं," कोणीतरी म्हणाले आणि रेडिओला थाप मारायला हात पुढे केला.

टेन रुईने डोळे न उघडताच तो हात धरला. "बिघडलेला नाही. वाट बघतेय ती."

सगळ्यांच्या माना तिसऱ्या खांबाकडे वळल्या. बाकोआने सदऱ्याची कॉलर सारखी केली. त्याचा आवाज बापासारखा नव्हता, पण मानेआबाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू गेला.

"बोला," तो म्हणाला.

आणि रेडिओतून बाईंचा आवाज पुन्हा सुरू झाला. "कोणत्याही बेटाची शांतता ही त्याची संमती समजली जाणार नाही. तिथली माणसे आपल्या घरात, आपल्या रीतीने बोलेपर्यंत वाट पाहिली जाईल. आणि पथकात त्या बेटाचे कोणी असेल, तर त्याने आपल्या लोकांत बसावे."

आत्याने शेजारणीला कोपर मारले.

"बघ," ती म्हणाली, "थेट तोंगापर्यंत गेला की नाही आवाज!"